रत्नागिरीत बसून नऊ जणांची टेक टीम: चार होतो तेव्हा जास्त काम व्हायचं, असं का?

कातळावरचा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसताच वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पोस्ट लांबलीय, आधीच सॉरी.

मी सात वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रत्नागिरीला घरी आलो तो परत गेलोच नाही. शाळेतल्या मित्राबरोबर स्टार्टअप काढला, त्याच्या घरची हापूसची कलमं आहेत. सॉफ्टवेअर बागायतदारांसाठी आहे, म्हणजे कुठल्या बागेतला आंबा कधी काढला, पेटी किती डझनी, कुठल्या गाडीत चढली, कुठल्या गिऱ्हाईकाकडे गेली आणि पैसे आले की नाही. पूर्वी हे सगळं वहीत नाहीतर व्हॉट्सॅपवर चालायचं आणि मे संपला की हिशोबावरून भावाभावांत अबोला. मित्र बागायतदार आणि पैशाचं बघतो, मी टेक.

पहिल्या हंगामात चौघंच होतो, मारुती मंदिरजवळ एका खोलीत, एक टेबल, एक पंखा. सकाळी ठरवलेलं संध्याकाळी लाईव्ह असायचं. आता नऊ जण आहोत, सहा इथे, दोन पुण्यात, एक सावंतवाडीहून घरून. आणि देवाशप्पथ सांगतो, काम चौघांच्या वेळेपेक्षा कमी होतंय. साधा रिपोर्टमधला कॉलम वाढवायला अकरा दिवस लागले परवा. मी रात्री दोनपर्यंत पोरांचे कोड रिव्ह्यू करत बसतो तरी सकाळी सतरा-अठरा पुल रिक्वेस्ट (पोरांनी तपासायला पाठवलेले कोडमधले बदल) तुंबलेल्याच. गेल्या सहा महिन्यांत दोन चांगले जण सोडून पुण्याला गेले. एप्रिलमध्ये ऐन हंगामात एक मोठा घोळ झाला, तो खाली सांगेन कधीतरी, आत्ता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

पार्टनरचं म्हणणं, पोरं मोबाईलवर असतात, लक्ष ठेव. त्याने परस्पर हॉलमध्ये एक सीसीटीव्ही पण लावला. माझं म्हणणं मुंबई-पुण्याकडचा अनुभवी मॅनेजर आणावा, पण तो मागतो तेवढ्यात इथे तीन पोरं येतात. तुमच्यापैकी कोणी लहान टीम वाढवली असेल तर सांगा, नेमकं काय बिघडतं अशा वेळी?


सुरमई_फ्राय

वाचतोय. साधं गणित करून बघा. चार माणसं असली तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या सहा. नऊ असली तर छत्तीस. माणसं सव्वादोनपट, बोलणं सहापट. चौघं होतात तेव्हा ओरडून विचारत होतात, ते आता कोण कोणाला विचारणार?

फ्रेड ब्रूक्स म्हणून आयबीएममधला माणूस होता, ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम त्याच्याकडे होतं. त्याने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवलीत तर आणखी उशीर होतो. नवीन माणसाला शिकवणार कोण, तर जे आधीच गळ्यापर्यंत बुडालेत तेच.


बिटकी

पगार किती देता ते लिहिलं नाहीत :)


कातळावरचा

@सुरमई_फ्राय, हे गणित माहीत होतं पण आपल्यावर लावून बघितलं नव्हतं. तरी छत्तीस म्हणजे फारच झालं, पुण्यातल्या दोघांचं सावंतवाडीवाल्याशी महिन्यातून एकदा बोलणं होत असेल.

@बिटकी, इथल्या मानाने बरा देतो.


सुरमई_फ्राय

मग तोच प्रॉब्लेम आहे ना, बोलणं होत नाही म्हणून सगळं तुमच्यामार्फत होतं.


घाटावरची

माहेर गुहागर, नोकरी पुण्यात, गेली नऊ वर्षं इंजिनिअरिंग मॅनेजर आहे त्यामुळे जरा मास्तरकी करते, राग मानू नका.

तुमच्या पोस्टमध्ये 'मी रात्री दोनपर्यंत रिव्ह्यू करतो' हे तुम्ही कष्ट म्हणून लिहिलंय. मला ते वाचून आजार कळला. नऊ माणसांच्या कामाची वाट एकाच माणसाच्या लॅपटॉपमधून जाते, आणि तो माणूस दिवसभर बागायतदारांचे फोन, इन्व्हेस्टरच्या मिटिंगा, भरती आणि कॅन्टीनचं बिल बघून रात्री दहाला रिव्ह्यूला बसतो. मग कॉलमला अकरा दिवस लागणारच, त्यातला कोड एक दिवसाचा असेल आणि दहा दिवस तो तुमच्या दारात उभा असेल. एक करा, शेवटच्या वीस पुल रिक्वेस्ट काढा आणि प्रत्येकीसाठी दोन तारखा लिहा, पोराने कधी टाकली आणि तुम्ही कधी उघडली. हे केल्याशिवाय मॅनेजर शोधू नका, आणलात तर तोही तुमच्या दारात उभा राहील.

दुसरं, मला सांगा, तुम्हाला न विचारता एखादी गोष्ट लाईव्ह करायचा अधिकार कोणाला आहे? नाव घेऊन सांगा. आणि कुठल्या भागाचा मालक कोण? मालक म्हणजे पदवी नाही, की हा भाग बिघडला तर पहिला फोन कोणाला आणि त्यात काय बदलायचं याचा शेवटचा शब्द कोणाचा. तुमचं काम ऐकून मला तीन भाग दिसतात, बागायतदाराचं ॲप, ऑर्डर-गाडी-पेटी, आणि पैशाचा हिशोब. तीन-तीन माणसं. कृपा करून फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसणारा भाग) एक टीम, बॅकएंड (मागचा सर्व्हरचा भाग) एक टीम, टेस्टिंग एक टीम असे आडवे काप काढू नका. मेल्विन कॉनवेने १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तसाच त्यांच्या सिस्टिमचा आकार होतो, आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय, आमच्याकडे फ्रंटएंडवाले तिसऱ्या मजल्यावर आणि बॅकएंडवाले पाचव्या, तर नेमका चौथ्या मजल्यावर बग राहायचा, दोघांच्या मध्ये, कोणाचाच नाही.

शेवटचं. सगळे निर्णय सारखे नसतात. बटणाचा रंग, रिपोर्टचा कॉलम, लायब्ररी कुठली, हे चुकलं तर उद्या परत फिरवता येतं, ते पोरांना ठरवू द्या आणि चुकू द्या. डेटाबेसचा आराखडा, गिऱ्हाईकाचे पैसे, कोणाला कामावर घ्यायचं, हे फिरवायला जड जातं, तिथे तुम्ही बसा. आत्ता तुम्ही दोन्हीकडे सारखेच बसताय असं दिसतंय.


आगरवाला_४१५

+१ घाटावरची. चौथा मजला आवडला.


रापणकर

मी मालवणचो. माझो आजो रापणीक होतो म्हणान सांगतंय. रापण ओढूक तीस-चाळीस माणसा लागतत, बायल-माणसा, पोरा-टोरा सगळी येतत. पण जाळा खंय सोडूचा आणि कधी ओढूचा ता एकच माणूस सांगता, बाकीचे वाद घालूक लागले तर मासळी गेली. तुमच्याकडे नऊय जण वाद घालतत काय? एक तांडेल ठेवा आणि गप ओढा. आणि वाटो नीट करा, जाळ्याचो वाटो येगळो, होडयेचो येगळो, ओढणाऱ्यांचे येगळे. वाट्यात गडबड झाली काय दुसऱ्या दिवशी दोरयेर माणूस दिसना नाय.


घाटावरची

@रापणकर, वाट्याचं अगदी पटलं, पण तांडेलाचं अर्धंच. रापणीत सगळे एकच दोर ओढतात हो. इथे नऊ जण नऊ वेगळ्या दोऱ्या ओढतायत आणि प्रत्येक दोरी कशी ओढायची हेही यांनीच सांगायचं असा हट्ट आहे. तुमचा आजोबा किनाऱ्यावर धावत जाऊन प्रत्येकाच्या हाताची पकड तपासत असता तर?


रापणकर

मगे मासळी नाय आणि आजोय नाय. मान्य.


कातळावरचा

सगळ्यांचे आभार, विशेषतः घाटावरची. तारखा काढल्या. पुल रिक्वेस्ट टाकल्यापासून मी पहिल्यांदा उघडेपर्यंत सरासरी साडेपाच दिवस. एक तर एकोणीस दिवस पडून होती आणि ती फक्त मराठीतली एक स्पेलिंगची चूक दुरुस्त करायची होती, 'पेटि' ची 'पेटी'. बायकोला दाखवलं, ती हसली आणि म्हणाली हे मी दोन वर्षं सांगतेय.

एप्रिलचं आता सांगूनच टाकतो. सहा महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी, हुशार आहे, इथल्याच कॉलेजची. रात्री पावणेबाराला एका ऑर्डरचा गाडी नंबर बदलायचा होता, बागायतदाराचा फोन आलेला. स्क्रीनवरून होत नव्हतं, कारण ती स्क्रीन बनवायची माझ्याच लिस्टमध्ये पडून होती, म्हणून तिने सरळ लाईव्ह डेटाबेसवर अपडेट मारला आणि व्हेअर, म्हणजे कुठल्या ऑर्डरीत बदल करायचा ते, लिहायचं राहिलं. जवळजवळ चार हजार ऑर्डरी, मुंबई पुणे कोल्हापूर सगळ्या, एकाच गाडीत चढल्या. एका ड्रायव्हरचा नंबर चार हजार गिऱ्हाईकांना दिसायला लागला. पहाटे साडेपाचला त्या ड्रायव्हरचा पार्टनरला फोन, 'शेठ माझ्या टेम्पोत नक्की किती पेट्या आहेत, पुणे मुंबई सगळे मलाच विचारतायत.'

मुलीने आम्हाला फोन केला नव्हता. रात्री तीनपर्यंत एकटी बसून हाताने एकेक ऑर्डर दुरुस्त करत होती, दीडशे केल्या, मग रडत झोपली. आणि बॅकअप रोज रात्री दोनला व्हायचा, जुन्यावरच नवा लिहिला जायचा, म्हणजे दोन वाजता आमच्या सिस्टिमने तो घोळच इमानदारीने जपून ठेवला. शेवटी ड्रायव्हरांच्या चिठ्ठ्यांचे व्हॉट्सॅपवरचे फोटो जमा करून दोन दिवस नऊच्या नऊ जण डेटा एंट्री करत होतो. किती पेट्या गाडीतच पिकून गेल्या ते विचारू नका.

तिने फोन का नाही केला? तर फेब्रुवारीत दुसऱ्या एकाकडून छोटी चूक झाली होती आणि मी त्याला सगळ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर झापलं होतं. हे मला तिने नाही सांगितलं, सोडून पुण्याला गेलेल्या एकाने सांगितलं, जाताना.


खाडीपलीकडे

अरेरे. पण हे लिहायला धैर्य लागतं, शाबास.

गिटलॅब म्हणून कोड ठेवायची साईट आहे, त्यांचं प्रकरण वाचलं नसेल तर वाचा. ३१ जानेवारी २०१७, रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत जवळजवळ सगळं गेलेलं. आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धती होत्या त्यातली एकही नीट चालत नव्हती. कोणीतरी योगायोगाने सहा तासांपूर्वी एक स्नॅपशॉट (त्या वेळच्या डेटाची प्रत) काढून ठेवला होता म्हणून वाचले, सहा तासांचा डेटा गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतःहून जगाला सांगितलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाईव्ह दाखवली, आणि त्या इंजिनिअरला घरी बसवलं नाही.

चुकीनंतरच्या मिटिंगमध्ये 'कोणी केलं' हा प्रश्नच काढून टाकायचा. 'त्या माणसाला त्या वेळी हे करणं बरोबर का वाटलं' हे विचारायचं. जॉन ऑलस्पॉने एट्सी या ऑनलाईन विक्रीच्या कंपनीत असताना २०१२ मध्ये यावर छान लिहिलंय. तुमच्याच गोष्टीला लावा. तिला बरोबर का वाटलं? स्क्रीन नव्हती म्हणून. लाईव्ह डेटाबेसचा पासवर्ड सहा महिन्यांच्या मुलीकडे होता म्हणून. रात्री पावणेबाराला बागायतदार तिच्या खाजगी नंबरवर फोन करतो म्हणून. तिन्ही कारणांत तिचं नावही येत नाही.

आता कामाचं. एक, लाईव्ह डेटाबेसला सगळ्यांना फक्त वाचायचा अधिकार. लिहायचा दोघांनाच, आणि तेही ट्रान्झॅक्शन उघडून, किती ओळी बदलल्या तो आकडा बघून मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. एक ऑर्डर बदलायचीय आणि आकडा चार हजार दिसला तर रोलबॅक, म्हणजे बदल रद्द, घरी जा, झोपा. दोन, डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर वॅल फायली (प्रत्येक बदलाच्या नोंदी) साठवा, म्हणजे रात्री ११.४४ ला डेटा जसा होता तसा परत उभा करता येतो, आणि रोजचे बॅकअप निदान तीस दिवसांचे वेगवेगळे ठेवा, दुसऱ्या जागी. तीन, महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. न चढवलेला बॅकअप म्हणजे देवाला बोललेला नवस, फेडायची वेळ आली की कळतं.


आगरवाला_४१५

नवस :D :D


साका

सगळं ठीक आहे पण मी जरा उलटं बोलतो. चिपळूणला माझं बारा जणांचं ऑफिस आहे. हे 'दोष देऊ नका, अधिकार द्या' पुस्तकात बरं. इथे मोकळं सोडलं की साडेअकराला येतात, चहाला जातात ते एकलाच उगवतात, पालखी आली की चार दिवस गायब. मी प्रत्येकाच्या मशीनवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट काढणारं सॉफ्टवेअर टाकलंय, काम वाढलं. धागाकर्त्याच्या पार्टनरचं काही चूक नाही.


नवीन_सभासद_३

या धाग्यासाठी आयडी काढला. मी साकांच्या ऑफिसात नाही पण तसल्याच एका ऑफिसात होते. स्क्रीनशॉटला काय करायचं ते आम्ही पहिल्याच आठवड्यात शोधलं, एकाने माऊस टेबलफॅनला बांधला होता. एडिटर उघडा ठेवायचा आणि विचार करायचा नाही, कारण विचार करताना माऊस हलत नाही. काम वाढल्यासारखं दिसतं कारण प्रत्येकजण एकच काम सहा छोट्या तुकड्यांत टाकतो.

त्या एप्रिलवाल्या मुलीबद्दल वाचून मात्र राहवलं नाही. सर, तुम्ही लोक पुण्यात राहून आलेले असता, तुम्ही म्हणता 'मला नाव घेऊन हाक मारा, डाउट आला की विचारा'. आमची जीभ नाही वळत हो. चार वर्षं इंजिनिअरिंगला सरांना प्रश्न विचारला की वर्ग हसायचा. पहिल्या नोकरीत रिव्ह्यूमध्ये फक्त 'हे काय आहे?' असं लिहून आलं होतं, एवढंच, त्यावर मी दोन दिवस विचार करत होते की चुकलंय का खरंच विचारलंय. तुम्ही घाईत टाईप केलेलं असतं, आम्ही ते घरी घेऊन जातो. आणि इथे ऑफिसात काही झालं की संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकूंना कळतं, पुण्यासारखं नाही की चूक केली आणि हिंजवडीतल्या गर्दीत हरवून गेलो.

माझ्या आताच्या ऑफिसात लीड आठवड्यातून एकदा अर्धा तास मला घेऊन बसते, तेही केबिनमध्ये नाही, मांडवीला चालत जातो. पहिले चार-पाच वेळा मी 'सगळं ठीक आहे मॅडम' एवढंच बोलले. सहाव्यांदा बोलले.


कातळावरचा

'हे काय आहे?' मी आत्ता आमच्या रिव्ह्यूमध्ये सर्च केलं. मी ते एकतीस वेळा लिहिलंय.


घाटावरची

@नवीन_सभासद_३, लिहीत राहा इथे, आयडी सोडू नका.

@साका, पालखीला चार दिवस जाणारच ना, तुम्ही नाही जात? शिमगा आणि गणपती कॅलेंडरवर जानेवारीतच असतात, ते बाजूला ठेवून प्लॅन करायचा. परदेशी पुस्तकांत बस फॅक्टर म्हणून असतो, किती माणसं बसखाली आली की प्रोजेक्ट बंद पडेल. आपल्याकडे त्याला गणपती फॅक्टर म्हणावं. कोण गावी गेलं की सिस्टिम बंद पडते त्याची यादी करा, ज्या भागापुढे एकच नाव असेल तिथे भाद्रपदाच्या आधी दुसरं माणूस तयार करा.


साका

शिमग्याला मी जातो, ते वेगळं. बाकी विचार करतो.


बिटकी

पगाराचं राहिलंच.


आमराई

मी बागायतदार आहे, देवगडकडचा, मला कोडमधलं काही कळत नाही पण मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. असली सॉफ्टवेअरं मी तीन वापरली. एकदा ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात सकाळी उठून बघतो तर ॲपमधलं पेटी चढवायचं बटण डावीकडून उजवीकडे गेलेलं आणि रंग बदललेला. गडी माणसं सवयीने जुन्या जागी दाबत राहिली, तिथे आता 'रद्द' होतं. तुमच्या पोरांनी मेहनत केली असेल पण मोहर एकदा आला की आमच्या ॲपला हात लावू नका. जे करायचं ते पाऊस लागल्यावर करा, तेव्हा आम्हीपण रिकामे असतो, बोलवा आम्हाला, चहा पाजा आणि विचारा काय पाहिजे ते. आंबा कोणासाठी थांबत नाही.


खाडीपलीकडे

वरच्या प्रतिसादात अख्खा रोडमॅप आहे. जून ते नोव्हेंबर नवीन काम, डिसेंबर-जानेवारी टेस्टिंग आणि दोन-चार बागांत चालवून बघणं, फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेर फ्रीज, फक्त दुरुस्त्या. आणि त्या काळात रात्रीचा फोन कोणी घ्यायचा याची पाळी लावा, एका आठवड्याला एक जण, त्याच्या हाताखाली एक, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. पाळीवाल्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट आणि इन्व्हर्टर असू द्या. वळवाचा पाऊस मे मध्येच लाईट घालवतो.

कोडमध्ये घाईघाईत केलेल्या तडजोडींना वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली होती. हंगामात काढलेली उधारी जूनमध्ये फेडायची, बागायतदार खताच्या दुकानाची फेडतो तशीच. जूनमध्ये नवीन फीचरवर उडी मारलीत तर व्याज चढतं.


ताळेबंद

रापणकरांनी वाट्याचं काढलंय म्हणून. इसॉप, म्हणजे कामाच्या माणसांना कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, द्यायचा विचार असेल तर आधी बघा तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे का एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). एलएलपीत शेअरच नसतात त्यामुळे इसॉप देता येत नाही. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ खालच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दिल्यापासून हक्क मिळेपर्यंत निदान एक वर्ष जावं लागतं. पद्धत साधारण चार वर्षांची आहे, पहिल्या वर्षी चौथा हिस्सा आणि मग थोडा थोडा.

पण मुलांना करसुद्धा समजावून सांगा. शेअर प्रत्यक्ष घेताना त्याची त्या दिवशीची किंमत आणि त्याने भरलेले पैसे यातला फरक पगार धरून कर लागतो, हातात रुपया आला नसला तरी. विकताना पुन्हा नफ्यावर वेगळा. २०२० पासून काही स्टार्टअपना पहिला कर पुढे ढकलायची सवलत आहे पण ती आयकराची खास पात्रता मिळालेल्यांनाच, नुसतं स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही. हे न सांगता कागद वाटलेत तर दोन वर्षांनी मुलगा तुमच्या नावाने खडे फोडेल. आणि पगार कमी देण्याची भरपाई म्हणून इसॉप दाखवू नका, इथल्या मुलाच्या घरचा गृहकर्जाचा हप्ता इसॉपने जात नाही.


रापणकर

बरोबर. वाटो मासळीचो व्हयो, कागदार काढलेल्या मासळीचो नको.


कातळावरचा

अडीच महिन्यांनी परत येतोय, मधे गणपती झाले. ज्यांनी विपू (इथल्या प्रोफाइलवरचा निरोप) करून विचारलं त्यांचे आभार.

तीन टीम केल्या, ॲप, गाडी-पेटी, हिशोब. प्रत्येकीत एकाला शेवटचा शब्द दिला आणि माझा मर्जचा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा, अधिकार स्वतःच काढून टाकला, कारण तो असता तर मी रात्री उघडून बघितलंच असतं. पहिल्या आठवड्यात हिशोबवाल्यांनी एक भिकार रिलीज केलं, जीएसटी दोनदा लागत होता. मला सकाळी दिसलं. मी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो दीड तास, फोन गाडीत ठेवून. परत आलो तेव्हा त्यांनी स्वतःच मागे घेतलं होतं आणि काय झालं ते दोन पानं लिहून ठेवलं होतं, त्यात कोणाचं नाव नव्हतं. पुल रिक्वेस्ट आता दीड दिवसात जाते. कधी कधी मला कोड आवडत नाही. चालतंय.

एक फसलं तेही सांगतो. सगळ्यात चांगला कोड लिहिणाऱ्याला गाडी-पेटीचा लीड केला, महिन्याभरात त्याचं तोंड उतरलं. मिटिंगा नको म्हणाला, मला काम करू दे. परत कोडवर बसवला, पगार तोच ठेवला, आणि लीड म्हणून एप्रिलवाल्या मुलीला केलं. तिने पहिलं काम काय केलं असेल तर लाईव्ह डेटाबेसवरून माझाच लिहायचा अधिकार काढला.

@बिटकी, तुमचा प्रश्न मी टाळत होतो. तुमच्यामुळे सगळ्यांचे पगार एका शीटमध्ये ओळीने लावून बघितले. नंतर घेतलेल्या पुण्याच्या दोघांना, सुरुवातीपासून असलेल्या इथल्या पोरांपेक्षा दीडपट होते, काम तेच, अनुभवही तेवढाच. सोडून गेलेल्यांना फोन केला तर एक जण म्हणाला, दादा, पुणं नको होतं मला, पण तो आकडा मला जेवताना कळला. आता कामाप्रमाणे चार पायऱ्या केल्यात, प्रत्येक पायरीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त ठरवलंय, माणूस कुठे बसतो याचा संबंध नाही. त्यासाठी या वर्षी दोन माणसं कमी घेणार. पार्टनरला आकडा बघून घाम फुटला पण त्याने सही केली. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, इसॉपचा मसुदा चालू आहे, ताळेबंद यांना विपू केलंय.

आमराईकाकांना आणि आणखी सात बागायतदारांना ऑगस्टमध्ये बोलवलं होतं. तीन तास बसले. आमच्या लिस्टमधल्या एकवीस गोष्टींपैकी त्यांना चारच हव्या होत्या आणि एक आमच्या लिस्टमध्ये नव्हतीच, ओल्या हाताने दाबता येईल एवढं मोठं बटण.


बिटकी

धन्यवाद. सोडून गेलेला मीच :) म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी. पण जेवताना कळलेला आकडा माझापण आहे.


साका

माझ्याकडे स्क्रीनशॉट बंद केलेत एक महिना ट्रायल म्हणून. टेबलफॅन कोणाकडे आहे ते बघत होतो, चौघांकडे निघाला. तुमच्या सीसीटीव्हीचं काय झालं?


कातळावरचा

त्यावर अजून एकमत नाही. पार्टनर म्हणतो पैसे भरलेत, काढायचा नाही. सध्या पार्किंगकडे वळवलाय, तिथे दुपारी वानर येतात ते दिसतात.